गोमुखाच्या पाण्याचा हिशेब
हिमनदी मागे हटते आहे हे सर्वज्ञात आहे. तिच्यातून वाहणारे पाणी वाढते आहे की घटते आहे, हा प्रश्न अधिक कठीण आहे

३१ मे १८१७ रोजी कॅप्टन जॉन हॉजसन हे ब्रिटिश सर्वेक्षक गंगोत्री हिमनदीच्या मुखापाशी पोहोचले. पुढे ते भारताचे सर्व्हेअर जनरल झाले. बर्फाच्या कमानीखालून बाहेर पडणारा भागीरथीचा प्रवाह पाहून ते थांबले नाहीत, त्यांनी त्याचे माप घेतले. प्रवाहाची सरासरी रुंदी २७ फूट, आणि सर्वांत खोल जागी पाणी गुडघ्याएवढे, म्हणजे सुमारे १८ इंच, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. गंगेच्या उगमापाशी पाणी मोजल्याच्या जुन्या लेखी दाखल्यांपैकी हा एक होय.

आजचा जलशास्त्रज्ञ ही नोंद आदराने वाचतो. परंतु तिच्यावरून १८१७ च्या भागीरथीत किती पाणी होते, हे त्याला सांगता येत नाही. रुंदी आणि खोली मिळते, पण वेग मिळत नाही. शिवाय हिमनदीतून निघणाऱ्या प्रवाहात सकाळी आणि सायंकाळी मोठी तफावत असते, मे महिन्यात आणि जुलै महिन्यात तर त्याहूनही मोठी. एका दिवसाच्या, एका वेळेच्या मापावरून नदीची प्रकृती समजत नाही. त्यासाठी एकाच जागी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे केलेली नोंद लागते.

हिमालयातील हिमनद्यांविषयी गेल्या दोन दशकांत पुष्कळ लिहिले व बोलले गेले. त्यातील बहुतेक चर्चा हिमनदीचे मुख किती मीटर मागे सरकले, या एकाच आकड्याभोवती फिरते. मात्र खालच्या खोऱ्यातील शेती, वीज आणि पिण्याचे पाणी अवलंबून असते ते मुखातून वाहणाऱ्या पाण्यावर. हे पाणी कसे मोजतात, त्या मोजमापातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा हा परिचय.

गंगोत्री हिमनदीची ओळख

गंगोत्री हिमनदी उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. चौखंबा शिखरसमूहाच्या पायथ्यापासून ती वायव्येकडे सुमारे ३० किलोमीटर उतरत येते. मध्य हिमालयातील मोठ्या हिमनद्यांत तिची गणना होते. रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती, मेरू अशा उपहिमनद्या तिच्या खोऱ्यात आहेत. त्यांपैकी काही पूर्वी मुख्य हिमनदीला येऊन मिळत असत. आता त्यांचे बर्फ मुख्य प्रवाहापासून तुटले असून केवळ पाणी येऊन मिळते.

हिमनदी जेथे संपते आणि नदी सुरू होते, ती जागा म्हणजे गोमुख. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ४,००० मीटर आहे. गंगोत्रीच्या मंदिरापासून गोमुखापर्यंत १८ ते १९ किलोमीटरची पायवाट आहे आणि या वाटेवर गोमुखाच्या चार-पाच किलोमीटर अलीकडे भोजवासा हे ठिकाण लागते. येथून निघालेली भागीरथी देवप्रयाग येथे अलकनंदेला मिळते आणि तेथून पुढे तिला गंगा हे नाव मिळते.

हिमनदीचा खालचा बराचसा भाग दगडमातीने झाकलेला आहे. त्यामुळे प्रथमच जाणाऱ्या यात्रेकरूला ती शुभ्र बर्फाची नदी वाटत नाही. करड्या खडकांचा विस्तीर्ण ढिगारा वाटतो. या आवरणाचे महत्त्व मोठे आहे. दगडमातीचा थर पातळ असेल तर तो उन्हाने तापतो आणि खालचे बर्फ अधिक वेगाने वितळते. थर जाड असेल तर तो पांघरुणासारखे काम करतो आणि वितळणे मंदावते.

मागे हटणे आणि आटणे

गंगोत्री हिमनदीच्या मुखाचे शास्त्रीय सर्वेक्षण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये केले. त्या नकाशाशी नंतरची सर्वेक्षणे आणि उपग्रहचित्रे ताडून पाहता येतात. उपग्रहचित्रांवर आधारित एका अभ्यासानुसार १९६५ ते २००६ या ४१ वर्षांत मुख सुमारे ८०० मीटर मागे सरकले. म्हणजे वर्षाला सरासरी २० मीटर. त्यानंतरच्या काळात हा वेग काहीसा मंदावल्याचे आढळले आहे.

वेग मंदावला म्हणजे हिमनदी सावरली, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. तीस किलोमीटर लांबीच्या हिमनदीचे मुख आज जेथे आहे, ते कित्येक दशकांपूर्वीच्या हिमवृष्टीचे आणि तापमानाचे फळ असते. वरच्या भागात झालेला बदल मुखापर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागतो. मुख जागच्या जागी असतानाही हिमनदी वरून पातळ होत राहू शकते. म्हणून शास्त्रज्ञ लांबीपेक्षा वस्तुमानाच्या ताळेबंदाला अधिक महत्त्व देतात: हिवाळ्यात किती बर्फ जमले, उन्हाळ्यात किती गेले आणि वर्षअखेर शिल्लक काय राहिली.

या ताळेबंदाची तुलना घरच्या हिशेबाशी करता येईल. दरवर्षी पडणारा हिम हे व्याज, आणि शतकानुशतके साठलेले जुने बर्फ ही मुद्दल. व्याजाइतकाच खर्च होत असेल तर मुद्दल शाबूत राहते. तापमान वाढले की खर्च वाढतो आणि तो मुद्दलातून भागवावा लागतो. अशा वेळी घरात पैसा अधिक खेळताना दिसतो, पण ती सुबत्ता नव्हे. हिमनदीचेही तसेच होते. ती आटू लागते तेव्हा सुरुवातीला नदीला पाणी वाढते.

पाण्याच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात त्या यामुळेच. मुख मागे सरकले हे डोळ्यांना दिसते. नदीतील वाढलेले पाणी मुद्दलाचे आहे की व्याजाचे, हे नुसते पाहून कळत नाही.

भोजवाशाचे केंद्र

रुरकी येथील राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने भोजवासा येथे, गोमुखाच्या खालच्या बाजूस सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, भागीरथीच्या प्रवाहाची मोजणी सुरू केली. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० सालापासून मे ते ऑक्टोबर या वितळणीच्या हंगामात पाणी, गाळ आणि हवामान यांच्या तपशीलवार नोंदी घेतल्या व त्या प्रसिद्ध केल्या. या जागेच्या वर सुमारे ५५६ चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र असून, त्यांपैकी सुमारे २८६ चौरस किलोमीटर म्हणजे निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे. त्यामुळे येथील प्रवाह हा प्रामुख्याने बर्फाचाच प्रवाह आहे.

मोजणीची जागा निवडणे हेच मोठे काम असते. हिमनदीचे पाणी अनेक धारांनी बाहेर पडते; त्या सर्व एकत्र आल्यानंतरची जागा हवी. काठ पक्का हवा, प्रवाह शक्यतो सरळ हवा आणि तळ वारंवार बदलणारा नसावा. मुखाच्या अगदी जवळ हे काहीही मिळत नाही, कारण तेथे दरवर्षी नवे दगड येऊन पडतात आणि धारा वाट बदलतात. जुलै २०१७ मध्ये मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने गोमुखापाशी प्रवाहाची वाटच बदलली होती. मोजणी केंद्र मुखापासून काही अंतर खाली ठेवण्यामागे ही कारणे आहेत.

पाणी कसे मोजतात?

नदीतून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या आकारमानाला विसर्ग म्हणतात. शास्त्रीय लेखनात तो घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे क्युमेकमध्ये देतात. महाराष्ट्रातील वाचकांना कोयना किंवा खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे क्युसेकमध्ये वाचण्याची सवय आहे. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक.

विसर्ग थेट मोजता येत नाही. तो काढावा लागतो. त्यासाठी प्रवाहाचे आडवे छेदक्षेत्र आणि पाण्याचा सरासरी वेग या दोन गोष्टी लागतात. छेदक्षेत्रासाठी काठापासून काठापर्यंत ठरावीक अंतरावर खोली मोजतात. मैदानी नदीत वेग मोजण्यासाठी फिरत्या पंख्यांचे प्रवाहमापक उपकरण पाण्यात सोडतात. हिमनदीच्या पाण्यात ते अनेकदा टिकत नाही. प्रवाह उसळता असतो, त्यात दगड गडगडत असतात आणि बर्फाचे तुकडे वाहत येतात. अशा ठिकाणी जुनी तरंगत्या ठोकळ्याची पद्धत वापरली जाते. लाकडाचा ठोकळा प्रवाहात टाकून त्याला ठरावीक अंतर कापण्यास किती सेकंद लागतात, ते पाहतात. भोजवाशाच्या नोंदींतही हीच पद्धत वापरली गेली.

ठोकळा पृष्ठभागाचा वेग दाखवतो. तळाशी घर्षणामुळे पाणी सावकाश वाहते. म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला साधारण ०.८५ ते ०.९ ने गुणून सरासरी वेग काढतात. समजा, प्रवाहाची रुंदी २० मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर आहे; छेदक्षेत्र झाले ३० चौरस मीटर. ठोकळ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर सरासरी वेग ०.८५ च्या हिशेबाने २.५५ मीटर होतो. विसर्ग आला ७६.५ क्युमेक, म्हणजे सुमारे २,७०० क्युसेक. हॉजसन यांनी १८१७ मध्ये असा एक ठोकळा प्रवाहात टाकला असता आणि घड्याळ पाहिले असते, तर त्यांची नोंद आज कितीतरी अधिक उपयोगी पडली असती.

दिवसातून प्रत्येक तासाला ठोकळे टाकत बसणे शक्य नसते. त्यामुळे काठावर रंगवलेली मोजपट्टी उभारून पाण्याची पातळी वाचतात. पातळी आपोआप टिपणारी यंत्रेही बसवतात. काही यंत्रे पाण्याच्या दाबावरून, तर काही वरून सोडलेल्या रडार लहरींवरून पातळी ओळखतात. वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग किती होता, हे काही वेळा प्रत्यक्ष मोजून त्याचा आलेख तयार करतात. एकदा हा आलेख हाती आला की केवळ पातळीवरून विसर्ग सांगता येतो.

या पद्धतीचा कमकुवत दुवाही येथेच आहे. पुराने तळ खरवडला किंवा दगड टाकले तर छेदक्षेत्र बदलते आणि आलेख निरुपयोगी होतो. तो पुन्हा तयार करावा लागतो. पाणी फार उसळते असेल तेथे दुसरा मार्ग वापरतात. मोजून घेतलेले मीठ किंवा निरुपद्रवी रंगद्रव्य वर टाकून, ते खाली किती विरल होऊन पोहोचते यावरून विसर्ग काढतात. कोणताही मार्ग घेतला तरी अशा प्रवाहात पाच-दहा टक्क्यांची चूक गृहीत धरावीच लागते.

दिवसाचा आणि ऋतूचा ताल

हिमनदीच्या प्रवाहाला दिवसाचा स्वतःचा ताल असतो. रात्री वितळणे मंदावते, त्यामुळे सकाळी पाणी सर्वांत कमी असते. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी हिमनदीच्या पोटातील वाटांनी मुखापर्यंत येते आणि सायंकाळच्या सुमारास प्रवाह सर्वाधिक होतो. उंच खोऱ्यातील मेंढपाळ आणि वाटाडे नाले पहाटेच ओलांडतात, ते याच कारणाने.

हंगाम पुढे सरकतो तसा हा ताल बदलतो. मे महिन्यात हिमनदीवर हिवाळ्यातील भुसभुशीत हिम असतो. तो स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. जुलैपर्यंत तो बराचसा संपतो, बर्फातील बोगदे व वाटा मोकळ्या होतात आणि दुपारचे पाणी लवकर खाली येते. त्यामुळे दिवसातील चढ-उतार अधिक तीव्र होतो. जुलै आणि ऑगस्ट हे सर्वाधिक प्रवाहाचे महिने असतात. सप्टेंबरात तापमान उतरते आणि पाणीही उतरते.

या तालाचा अभ्यास केवळ कुतूहलापोटी होत नाही. वितळलेले पाणी हिमनदीच्या पोटात किती काळ राहते, हे त्यातून कळते. तसेच प्रवाह अकस्मात मंदावला तर वर कोठेतरी पाणी अडले असण्याची शक्यता लक्षात येते.

पाणी कोणाचे?

नदीतील पाणी पावसाचे किती, हिमाचे किती आणि जुन्या बर्फाचे किती, याची वाटणी करणे हा या अभ्यासाचा दुसरा भाग. भोजवाशाच्या निरीक्षणांवर आधारलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास सांगतो की, उन्हाळी हंगामातील प्रवाहापैकी सुमारे ९७ टक्के पाणी हिम व बर्फ वितळून आलेले होते. पावसाचा वाटा होता केवळ ३ टक्के. भोजवाशापर्यंत मोसमी पाऊस फारसा पोहोचत नाही, हे त्याचे कारण. मे ते ऑक्टोबर या काळात तेथे सरासरी सुमारे २६० मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला.

हिम आणि जुने बर्फ यांची वाटणी करण्यासाठी ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या समस्थानिकांची मदत होते. वेगवेगळ्या काळात आणि उंचीवर पडलेल्या हिमात जड व हलक्या अणूंचे प्रमाण वेगळे असते. नदीच्या पाण्यात ते प्रमाण तपासले की कोणत्या साठ्यातून किती पाणी आले, याचा अंदाज बांधता येतो. पाण्याची विद्युतवाहकताही मोजतात. खडकांच्या संपर्कात अधिक काळ राहिलेल्या पाण्यात क्षार अधिक विरघळलेले असतात.

याबरोबरच गाळ मोजला जातो. हिमनदी खालचा खडक घासत उतरते आणि त्या पिठीने गोमुखाचे पाणी उन्हाळ्यात करडे दिसते. ठरावीक वेळी पाण्याचे नमुने घेऊन ते गाळतात आणि उरलेला गाळ वाळवून तोलतात. खालच्या जलविद्युत केंद्रांच्या दृष्टीने हा आकडा पाण्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. कठीण खनिजांचे हे कण टर्बाइनची पाती झिजवतात आणि जलाशयात साचून त्याची क्षमता घटवतात.

प्रवाहाचे शिखर

आटत जाणाऱ्या हिमनदीचा प्रवाह आधी वाढतो, एका कमाल पातळीला पोहोचतो आणि मग कायमचा घटू लागतो. या कमाल बिंदूला प्रवाहाचे शिखर म्हणता येईल. शिखर ओलांडले की हिमनदीत वितळण्याजोगे बर्फच कमी उरलेले असते. तापमान आणखी वाढले तरी पाणी वाढत नाही.

पेरू देशातील कॉर्डिलेरा ब्लांका पर्वतात याचे प्रत्यक्ष उदाहरण मिळाले. तेथील नऊ पाणलोट क्षेत्रांतील प्रवाहाच्या जुन्या नोंदी तपासल्यावर, त्यांपैकी सातांनी हे शिखर ओलांडले असल्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील कोरड्या ऋतूत शेती आणि शहरे याच पाण्यावर अवलंबून असल्याने हा निष्कर्ष गंभीर होता. तो काढता आला, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या नोंदी हाती होत्या. ऑस्ट्रियातील फेर्नाग्ट हिमनदीखाली २,६०० मीटरहून अधिक उंचीवर १९७४ पासून प्रवाहाची नोंद होत आली आहे. हिमनदी आकसत असतानाच पाणी वाढत असल्याचे तेथील नोंदींतून दिसून आले.

जगातील ५६ मोठ्या हिमनदीयुक्त खोऱ्यांचा अंदाज मांडणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या खोऱ्यांनी शिखर ओलांडले असल्याचे त्यात म्हटले आहे. हिमालयातून उगम पावणाऱ्या मोठ्या नद्यांचे शिखर मात्र या शतकाच्या मध्याच्या आसपास किंवा त्यानंतर येईल, असा त्याचा अंदाज आहे. हे प्रतिमानावरून काढलेले अंदाज आहेत. भागीरथीच्या उगमापाशी ते खरे ठरते की नाही, हे तेथील मोजपट्टीच सांगू शकेल.

मोजमापावाचून केलेल्या विधानांचे काय होते, याचा धडा एकदा मिळालेला आहे. आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता वर्तवली गेली होती. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे समितीने जानेवारी २०१० मध्ये मान्य केले. त्या चुकीचा आधार घेऊन, हिमनद्यांना काहीच धोका नाही असे म्हणणारेही पुढे आले. तेही तितकेच निराधार होते. काठमांडू येथील एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचे सुमारे एकतृतीयांश बर्फ या शतकाअखेर नष्ट होईल.

खाली काय पणाला लागले आहे?

गोमुखाचे पाणी थांबले तर गंगा आटेल, ही समजूत योग्य नाही. गंगेला मैदानात मिळणारे बहुतांश पाणी मोसमी पावसाचे आणि भूजलाचे असते. उगमाकडे जावे तसा बर्फाचा वाटा वाढतो. देवप्रयागपाशी वर्षभराच्या प्रवाहात हिम व हिमनद्यांचा वाटा तीन दशांशांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. भोजवाशाला तो जवळजवळ सर्वच.

वार्षिक सरासरीपेक्षा महत्त्वाची असते ती वेळ. मे आणि जूनमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, जेव्हा खाली पाण्याची निकड सर्वाधिक असते, तेव्हा बर्फाचे पाणी येते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षीही ते येते, कारण निरभ्र आकाशाखाली बर्फ अधिक वितळते. हिमनदी ही अशा प्रकारे दुष्काळातील राखीव साठा आहे. तो संपला तर नदी राहील, पण पावसाच्या लहरीवर अधिक अवलंबून राहील.

भागीरथीवर उत्तरकाशीजवळ ९० आणि ३०४ मेगावॉटची मनेरी-भाली जलविद्युत केंद्रे आहेत. त्याखाली २६०.५ मीटर उंचीचे टिहरी धरण असून तेथे २००६ पासून वीजनिर्मिती होते. दिल्लीच्या पाणीपुरवठ्यालाही या धरणाचा आधार आहे. गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. या साऱ्यांचे नियोजन करताना येत्या तीस-चाळीस वर्षांत किती पाणी येईल, हे गृहीत धरावे लागते. ते गृहीतक प्रवाह वाढत्या काळातील नोंदींवर बेतलेले असेल, तर शिखर ओलांडल्यावर ते चुकणार.

पुराचा धोका आणि नोंदीतील फटी

जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरच्या बाजूस चोराबारी हिमनदीपाशी असलेला तलाव फुटला आणि आधीच अतिवृष्टीने फुगलेल्या मंदाकिनीने हाहाकार माजवला. हजारो लोक मृत्युमुखी पडले. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या चोराबारीजवळील केंद्रात दोन दिवसांत ३०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. ही नोंद आपत्तीनंतरच्या विश्लेषणात मोलाची ठरली. परंतु ती वेळीच खालच्या वस्तीपर्यंत पोहोचवून इशारा देणारी यंत्रणा तेथे नव्हती.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखरावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळले. त्या लोंढ्याने ऋषिगंगा व धौलीगंगा या नद्यांवरील प्रकल्प उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. हिमनदीजवळील बहुतेक मोजणी केंद्रे मे ते ऑक्टोबर या काळातच चालतात. ही आपत्ती भर हिवाळ्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हा हिमनदी-तलाव फुटून तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले.

५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या अलीकडील धराली गावावर खीरगंगा नाल्यातून दगडमातीचा लोंढा आला. बाजारपेठेचा मोठा भाग त्याखाली गाडला गेला. रस्ते तुटल्याने गंगोत्रीकडे गेलेले महाराष्ट्रातील पर्यटक व यात्रेकरूही अडकून पडले होते. धराली भागीरथीच्या काठी आहे, पण संकट आले ते बाजूच्या नाल्याने. मुख्य नदीवर एक मोजणी केंद्र असले तरी तिला मिळणाऱ्या अशा छोट्या, तीव्र उताराच्या नाल्यांवर सहसा केंद्रे नसतात. भोजवाशाची मोजपट्टी धरालीच्या नाल्याविषयी काही सांगू शकत नाही.

नोंदीतील अडचणी आणखीही आहेत. हिवाळ्यात भोजवाशाकडे जाणारी वाट बर्फाने बंद होते आणि त्या काळातील प्रवाह बव्हंशी अंदाजानेच धरला जातो. मोठा पूर आला की उपकरणे प्रथम वाहून जातात. ज्या दिवसाची नोंद सर्वांत आवश्यक, तीच गहाळ होते. संशोधन प्रकल्पांचा निधी काही वर्षांपुरता असतो, तर हिमनदीतील बदल उलगडण्यास काही दशके लागतात. याशिवाय गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या आंतरराष्ट्रीय नद्यांच्या खोऱ्यांतील विसर्गाची सरकारी आकडेवारी दीर्घकाळ गोपनीय मानली गेल्याने, सर्व अभ्यासकांना ती सहज उपलब्ध होत नाही.

मोजणीतील पाच-दहा टक्के चुकीचा उल्लेख वर आला आहे. एका दशकात प्रवाहात झालेला बदलही तेवढाच असू शकतो. शिवाय एखाद्या वर्षी हिमवृष्टी अधिक, एखाद्या वर्षी ऊन अधिक. पाच वर्षांच्या नोंदीत हे सारे एकमेकांत मिसळून जाते. तीस वर्षांच्या अखंड नोंदीत ते वेगळे करता येते. मध्ये चार वर्षांचा खंड पडला तर नेमके शिखर कोणत्या वर्षी ओलांडले, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही, कारण वाहून गेलेले पाणी नंतर मोजता येत नाही.

गोव्याशी जुळलेला दुवा

हिमनद्यांच्या प्रवाहमापनाचे काम केवळ उत्तराखंडात होत नाही. हिमाचल प्रदेशातील छोटा शिगरी हिमनदीचा वस्तुमान-ताळेबंद २००२ पासून नियमित ठेवला जात आहे. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पिती भागात १३,५०० फुटांहून अधिक उंचीवर 'हिमांश' हे संशोधन केंद्र सुरू केले. अंटार्क्टिकावर मोहिमा काढणाऱ्या या संस्थेचे शास्त्रज्ञ चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांचे वस्तुमान, हवामान आणि वितळलेल्या पाण्याचा प्रवाह यांची नोंद घेतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनदी संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन म्हणून निश्चित केला. असे दिवस लोकांचे लक्ष वेधतात. मोजपट्टी मात्र वर्षाच्या प्रत्येक दिवशी वाचावी लागते आणि ती वाचणाऱ्यासाठी उंचावरील तंबू, शिधा, सुटे भाग आणि पुढील वर्षाच्या निधीची शाश्वती लागते. हॉजसन यांच्या नोंदीला दोनशे वर्षे उलटून गेली. आणखी पन्नास वर्षांनी भागीरथीच्या पाण्याविषयी कोणी प्रश्न विचारला, तर त्याला २७ फुटांच्या एका आकड्यापेक्षा अधिक काही मिळावे, याची तजवीज आजच्या नोंदींतूनच होणार आहे.

काही संज्ञा

विसर्ग : नदीच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला वाहणारे पाणी.

क्युमेक : एक घनमीटर प्रति सेकंद, सुमारे ३५.३ क्युसेक.

मुख : हिमनदीचे खालचे टोक, जेथून नदी बाहेर पडते. गंगोत्री हिमनदीचे मुख म्हणजे गोमुख.

वस्तुमान-ताळेबंद : वर्षभरात हिमनदीवर जमलेले आणि तिच्यातून गेलेले बर्फ यांतील फरक.

पातळी-विसर्ग आलेख : पाण्याच्या पातळीवरून विसर्ग काढण्यासाठी प्रत्यक्ष मोजमापांवरून तयार केलेला आलेख.

प्रवाहाचे शिखर : आटणाऱ्या हिमनदीतून मिळणारे पाणी कमाल होण्याचा काळ, त्यानंतर प्रवाह घटत जातो.